राखण गावाची, लगाम ग्रामसभेचा



ज्वारी हुरड्यात आली की जागलीला कोण जाणार, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. पण भाव चढेल या आशेने कापूस घरात भरून ठेवला, मोटार आणि केबल विहिरीवर उघडी राहिली, तर त्याची राखण कोण करणार? पोलीस ठाणे कोसांवर आणि शिपाई मोजके. म्हणून ग्राम सुरक्षा दलात नाव द्यावे का, असे कार्यकर्ते विचारतात. उत्तर असे, की नाव जरूर द्या, पण दल कुणाच्या हुकमात राहणार हे आधी ठरवा.

हे नीट समजायला रत्नागिरी जिल्ह्यातल्या अंजनवेलकडे पाहू. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे गाव. तिथे कापूस नाही. भात, आंबा आणि मासळी आहे. नव्वदच्या दशकात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प याच गावाला खेटून उभा राहिला. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर लाठ्या पडल्या, अटका झाल्या. ३ जून १९९७ च्या पहाटे शेजारच्या वेलदूरमध्ये पोलीस घरांत घुसले. प्रकल्पावरच्या पोलीस बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात नोंदलेले आहे. ज्याचा पैसा त्याची राखण, हा त्याचा अर्थ.

त्याच किनाऱ्याची दुसरी बाजूही पाहा. १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीला स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. त्यानंतर किनारी गावांत सागर रक्षक दले उभी राहिली. मच्छीमार स्वतःहून त्यात येतात. अनोळखी होडी दिसली की तिच्यावर चालून जायचे नाही, फक्त कळवायचे. त्यासाठी १०९३ हा क्रमांक आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत अतिरेकी उतरले, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी त्यांना पाहिले होते. डोळे जागे होते, पण त्या डोळ्यांचे ऐकणारे कान नव्हते.

आता आपल्या बाजूच्या दोन गोष्टी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, तुमच्या-आमच्यासारखेच पोटासाठी फिरणारे. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असे तिघे मारले गेले. अफवेने पेटलेली जागल म्हणजे जमाव. जमावाला नाव नसते, वही नसते आणि दुसऱ्या दिवशी जबाबदारीही नसते. मग खटले चालतात, कोर्टाच्या चकरा होतात आणि गावातली कर्ती पोरे आत जातात.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६३-ब मध्ये ग्राम संरक्षण दलाची तरतूद आहे. त्याचा आधार घ्या आणि पुढील अटी ग्रामसभेत ठराव करून घाला.

एक, दलातली सर्व नावे ग्रामसभेत वाचून मगच ठाण्याकडे जावीत. दोन, प्रत्येक वस्तीचे, प्रत्येक जातीचे माणूस दलात असावे; बाया असाव्यात. तीन, हातात शिट्टी, बॅटरी आणि फोन. मारहाण करणाऱ्याचे नाव त्याच दिवशी कापावे. चार, अनोळखी माणूस दिसल्यास दोघांनी शांतपणे विचारपूस करावी आणि ११२ ला कळवावे. फोन कोणी, केव्हा केला आणि गाडी केव्हा आली, हे वहीत लिहावे. पाच, मोर्चा, रास्ता रोको किंवा जमीन संपादनाच्या वेळी हे दल आंदोलकांविरुद्ध वापरता येणार नाही.

शासनाने आपले काम फुकटात आपल्या गळ्यात मारू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ती वही महत्त्वाची. पोलिसांना किती उशीर झाला, याचा लेखी हिशेब तिच्यातून मिळेल आणि तो जिल्हा बैठकीत मांडता येईल.

दल गावाचे नसेल तर ते दुसऱ्या कुणाचे तरी होईल. म्हणून नावे द्या, आणि लगाम ग्रामसभेच्या हातात ठेवा.