दोरी ओढा, इंजिन बंद!

तुमच्या जिममधल्या ट्रेडमिलला एक लाल क्लिप असते बघा. दोरीला लटकलेली. ती टी-शर्टला लावायची, म्हणजे पाय घसरला की दोरी खेचली जाते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. आता खरं सांगा, शेवटची कधी लावली होती? आमच्या जिममध्ये तर त्या क्लिपला लोक टॉवेल अडकवतात.

या क्लिपची थोरली बहीण स्नोमोबाइलवर असते. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची स्कूटर. पुढे दोन स्की, मागे खाचांचा रबरी पट्टा, वजन दोन-अडीचशे किलो. ॲक्सिलरेटर मुठीत नाही, उजव्या अंगठ्याखाली असतो. अंगठा दाबला की ही बया ताशी शंभर किलोमीटर सहज गाठते. आपल्याकडे गुलमर्गच्या हनिमून अल्बममध्ये तिचं दर्शन होतं. पण तिचं खरं माहेर कॅनडा आणि उत्तर अमेरिका. क्यूबेकमधल्या व्हाल्कूर गावात बॉम्बार्डिएने १९५९मध्ये स्की-डू बाजारात आणली. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला रोझो नावाचं गाव आहे, तिथे १९५४मध्ये पोलारिस सुरू झाली.

हिच्या हॅण्डलजवळ एक बटण असतं, त्यावर बसणारी एक टोपी, आणि टोपीतून निघालेली जुन्या लॅण्डलाइन फोनसारखी गोल गोल वळणांची दोरी. दोरीचं दुसरं टोक तुमच्या जॅकेटला. तुम्ही उडालात की टोपी निघते, इंजिन बंद. यालाच टीथर म्हणतात. तुम्ही म्हणाल, अंगठा सुटला की गाडी आपोआप मंदावणारच ना? मंदावते. पण ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये बर्फ धरला असेल तर नाही मंदावत. मग ती रिकामी गाडी सुसाट जाते. समोर कोण आहे हे तिला कळत नाही.

हे सगळं ज्ञान मला २०२३च्या फेब्रुवारीत मिळालं, मिनेसोटात, मावसभावाच्या गॅरेजमध्ये, उणे अठरा तापमानात.

दादा तिथे आयटीत आहे. वीस हजार मैलांहून जास्त स्नोमोबाइल ट्रेल्स असलेल्या राज्यात राहायचं आणि हिवाळाभर घरात बसून मॅच बघायची, याचा त्याला अखेर कंटाळा आला. म्हणून त्याने एक सेकण्डहॅण्ड गाडी घेतली. नव्वदच्या दशकातली, दोरी ओढून चालू करायची. (कंपनी सांगत नाही. तिची काही चूक नव्हती.) शनिवारी ऑफिसच्या गँगबरोबर गोठलेल्या तळ्यावर जायचं ठरलं होतं. त्याची सात वर्षांची लेक मागे बसणार होती, हेल्मेटवर स्टिकर लावून तयार!

गुरुवारी रात्री शेजारचे आजोबा सहज डोकावले. आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. गाडी दुसऱ्या झटक्यात सुरू झाली, आवाज मस्त, दादा खूश. आजोबांनी काही न बोलता हात पुढे केला आणि टीथरची टोपी खेचून काढली.

इंजिन चालूच.

टोपी आजोबांच्या हातात आणि गाडी आपली मजेत धडधडतेय! दादा म्हणाला, "अरेच्चा." वहिनी काहीच म्हणाली नाही. तिने फक्त लेकीला घरात पाठवलं.

हॅण्डलवरच्या लाल बटणाने इंजिन बंद केलं. पुढचं आवरण काढलं तर टीथरच्या बटणामागचा प्लग चक्क काढून ठेवलेला आणि त्यावर काळी टेप नीट गुंडाळलेली. म्हणजे आधीच्या मालकाचं काम. आजोबांनी प्लग जोडला, टोपी घट्ट बसवली, दादाने दोरी ओढली. एकदा, दोनदा, पंधरा वेळा. गाडी ढिम्म!

इथे थोडं तांत्रिक. बोअर नाही करत, पण हे कळल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

टीथरचं बटण दोन पद्धतींनी काम करतं. पहिल्या पद्धतीत टोपी बसली की सर्किट जोडलं जातं आणि ते जोडलेलं असेल तरच इंजिन चालतं. दुसरी पद्धत उलटी, आणि जुन्या गाड्यांत ती भरपूर दिसते. टोपी बसली की सर्किट तुटतं. टोपी निघाली की जोडलं जाऊन इग्निशनचा करंट गाडीच्या सांगाड्यात, म्हणजे अर्थमध्ये जातो, ठिणगी पडत नाही आणि इंजिन मरतं.

आता विचार करा, वायर तुटली तर? पहिल्या पद्धतीत गाडी बंद पडेल. तुम्ही वैतागाल, शिव्या द्याल, पण कळेल तरी. मुंबईच्या लोकलचा मोटरमन ज्या हॅण्डलवर हात दाबून बसतो त्याचा हिशोब हाच. हात सुटला की ब्रेक. दुसऱ्या पद्धतीत मात्र वायर तुटली तर काहीच होत नाही. गाडी झकास चालते. फक्त तुम्ही पडाल तेव्हा थांबत नाही. हा बिघाड आवाज करत नाही, दिवा लावत नाही. टोपी खेचून बघितल्याशिवाय तो कळायचा मार्गच नाही.

दादाची गाडी या दुसऱ्या जातीची. तिचं बटण आतून अडकलं होतं, टोपी बसवली तरी सर्किट जोडलेलंच. म्हणून गाडी सुरू होईना. आधीच्या मालकाने शोध लावला की प्लग काढला तर प्रॉब्लेम सॉल्व्ह! इतकं सोपं आहे ते. कात्रीसुद्धा लागत नाही. माझ्या मते तोच या रचनेतला सगळ्यात मोठा दोष आहे, बॉस. सुरक्षा काढून टाकायला दोन बोटं पुरतात आणि बक्षीस म्हणून गाडी लगेच सुरू होते.

मग आजोबांनी तपासणी कशी केली ते सांगते, कारण त्यांचा क्रम मला जाम आवडला. आधी सगळ्यात बावळट शक्यता. हॅण्डलवरचं लाल बटण चुकून बंद तर नाही? टोपी पूर्ण बसलीय? टोपीच्या आत बर्फ किंवा माती अडकलीय का? ते म्हणाले, अर्ध्या गाड्या इथेच सुरू होतात. मग स्पार्क प्लग बाहेर काढून, वायरीला जोडून त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवलं आणि दोरी ओढली. ठिणगी नाही. टीथरचा प्लग काढला, पुन्हा ओढली. निळी ठिणगी! म्हणजे इंजिन, कॉइल सगळं ठणठणीत, गडबड बटणात नाहीतर त्याच्या वायरीत. (पेट्रोलच्या वासात ठिणगी पाडणं हा घरगुती खेळ नाही, आणि हात लागला तर झटकाही सॉलिड बसतो. हे जाणत्या माणसासमोरच.)

एक लक्षात घ्या, ही युक्ती फक्त दुसऱ्या पद्धतीच्या गाडीला चालते. पहिल्या पद्धतीत प्लग काढलात तर चांगली गाडीही बंद पडेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल. म्हणून आधी सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा बघायचा, मग हात घालायचा.

पुढे मल्टिमीटर. प्लग सुटा ठेवूनच त्याची दोन टोकं बटणाच्या दोन वायरींना लावायची. चांगलं बटण टोपी घातल्यावर एक उत्तर देतं आणि काढल्यावर दुसरं. एकदा बीप, एकदा शांतता. आमचं बटण दोन्ही वेळा बीप, बीप. घाल, काढ, दाब, काहीही करा. वायरी मात्र चांगल्या निघाल्या. त्या तपासताना आजोबांनी हॅण्डल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून बघितलं. कारण वायर बहुतेक वळणाच्या जागीच आतून तुटते आणि मग गाडी फक्त डावीकडे वळताना बंद पडते, असला भुताटकी प्रकार सुरू होतो. प्लगच्या पिनांवर हिरवट गंज आणि उन्हाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे तिथले आणखी दोन नेहमीचे गुन्हेगार. उंदीर म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

नव्या गाड्यांचं वेगळं. बऱ्याच स्की-डूंच्या टोपीत प्रोग्रॅम केलेली चिप असते आणि गाडी ती ओळखते. नीट ओळखली की दोन छोटे बीप. टोपीत बर्फ असेल, संपर्क नीट नसेल तर लांब बीप पुन्हा पुन्हा. तिथे मल्टिमीटर घेऊन बसण्याआधी टोपी पुसायची आणि बीप मोजायचे.

तर बटण गेलं होतं. नवीन मागवायला हवं, यायला चार-पाच दिवस. आणि शनिवार परवावर.

दादा दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "प्लग काढून ठेवू ना दोन दिवस. आधीचा माणूस तसाच चालवत होता की इतकी वर्षं. मी हळू चालवेन."

हे वाक्य आपण सगळेच कुठे ना कुठे बोलतो, म्हणून मला त्याचा राग नाही आला. सगळ्या गँगला मेल गेलेली, पोरीने स्टिकर लावलेले, आणि गाडी तर फर्स्ट क्लास चालतेय! पण त्याच्या वाक्यातली मेख आजोबांनी बरोबर पकडली. त्यांनी विचारलं, आधीचा माणूस या काळात कधी पडला होता का? दादाला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. टीथरशिवायची सगळी वर्षं तोपर्यंतच सुखरूप असतात.

मी मध्ये पडले आणि कॉर्नवॉलची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या पॅडस्टोजवळ २०१३च्या मे महिन्यात एक कुटुंब स्पीडबोटीतून फिरत होतं. बोट अचानक जोरात वळली आणि सहाच्या सहा जण पाण्यात फेकले गेले. बोटीलाही अशीच दोरी होती, चालवणाऱ्याला ती जोडलेलीच नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्याच अंगावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. त्या बोटीत बिघाडाचा प्रश्न नव्हता, दोरी नुसती लावायची राहिली होती. अमेरिकेत १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोटी वेगात चालवताना इंजिन बंद करणारी ही दोरी किंवा तिचा वायरलेस भाऊ लावणं कायद्याने बंधनकारक झालं.

वहिनी म्हणाली, "तुला जायचं तर तू जा रे. ती नाही येणार." दादा म्हणाला, "अगं पण..." आणि मग त्याने 'पण'च्या पुढे काही सांगितलंच नाही. रात्री अकरा वाजता त्याने गँगला कळवलं की गाडी आजारी आहे. शनिवारी आम्ही त्याच तळ्यावर गेलो, बर्फाला भोक पाडून मासे पकडायला. चार तासांत एकही मासा नाही. दादाचं तोंड आख्खा दिवस फुगलेलं. बाजूने भुर्रकन गाड्या जायच्या आणि तो प्रत्येक गाडीवरच्या माणसाची दोरी बघायचा. लावलेली असली की आणखीनच फुगायचा!

पुढच्या गुरुवारी बटण आलं. बसवायला वीस मिनिटं लागली. पण आजोबांनी गाडी सुरू झाल्यावर टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. सुरू होणं ही अर्धीच परीक्षा, म्हणाले. चालू इंजिनावर टोपी खेचायची, लगेच मेलं पाहिजे. मग हॅण्डल डावीकडे वळवून पुन्हा, उजवीकडे वळवून पुन्हा. आणि हे दुरुस्तीच्या दिवशी नाही, रोज निघायच्या आधी. दादाच्या लेकीने तिन्ही वेळा टोपी खेचली आणि तिन्ही वेळा गाडी गप्प झाली. ती नोकरी आता कायमची तिची आहे.

आता तुम्ही काही मिनेसोटाला निघाला नाहीत, मला माहितीये. पण जानेवारीत गुलमर्गचं पॅकेज बुक झालेलं असेल, किंवा लाँग वीकएण्डला मालवण नाहीतर गोव्याला जेट-स्की करणार असाल. जेट-स्कीलाही अशीच दोरी असते, मनगटाला नाहीतर लाइफ जॅकेटला लावायची. दोन गोष्टी बघा. दोरी आहे का, आणि जो चालवतोय त्याच्याच अंगाला जोडलीय का. हॅण्डललाच गाठ मारून ठेवलेली दोरी म्हणजे आमच्या जिममधली टॉवेलची खुंटी. आणि पैसे काढण्याआधी, इंजिन चालू असताना, गोड हसून म्हणा, "भैया, एक बार खींच के दिखाओ ना."