राज बहादूरचं खरं आडनाव

मंडळी, आमच्या हथखोजहून गोंदियाला गाडीने जा. पुढे बालाघाट जिल्ह्यात तिरोडी गाव लागतं. तिथले ‘राज बहादूर’ म्हणजे खरे वांग ची. १९६३ मध्ये वाट चुकून भारताच्या हद्दीत आलेले चिनी सैनिक. आधी तुरुंग, मग तिरोडीत पिठाच्या गिरणीत नोकरी, लग्न, मुलं. २०१७ मध्ये, तब्बल ५४ वर्षांनी, ते शान्शी प्रांतातल्या आपल्या गावी पोहोचले. आई तोवर गेली होती.

त्यांना स्वतःचं नाव-गाव ठाऊक होतं. नातवंडांना कोण सांगणार?

तुमच्या घराण्यात कुणी चिनी पूर्वज असेल, तर लक्षात ठेवा: चिनी नावात आडनाव आधी येतं. म्हणजे ‘वांग’ हे आडनाव. चिनी अक्षरांतली जुनी पत्रं, सही, थडगं शोधा. थडग्यावर अनेकदा मूळ गावही कोरलेलं असतं.

आणि आजीला आजच विचारा. उद्यावर ढकलू नका!