गधेगाळ आणि रस्ता

अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख एम. ए.च्या वर्गात शिकवताना शं. गो. तुळपुळे यांनी वाचलेला शके ९३४ हा काळ आपण फळ्यावर लिहितो, विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. हा दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. त्याच्या बाबतीत हे निभावले, एवढेच म्हणायचे.

आक्षीच्या दगडासारखे अनेक लेख गधेगाळ या प्रकारात मोडतात. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली, जो हे दान मोडील त्याला उद्देशून कोरलेली गाढवाची शिवी. संस्कृत लेखाच्या शेवटी शापापुरती मराठी अवतरते, असेही काही ठिकाणी दिसते. (संशोधनाच्या भाषेत याला 'शापवचन' म्हणतात; दगड पाहिल्यावर हा शब्द फारच सोवळा वाटतो.) लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चित्रावरून कळावा असा हा संरक्षणाचा कायदा होता.

आजचा कायदा यादीवर चालतो. १९५८च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर निषिद्ध, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित ठरले. सार्वजनिक प्रकल्पांना या निषिद्ध क्षेत्रात वाट करून देणारे विधेयक जानेवारी २०१८मध्ये लोकसभेने मंजूरही केले. पुढे ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले. म्हणजे खाजगी माणसाने बांधू नये, सरकारने मात्र बांधावे! आणि यादीत असणे म्हणजे सुरक्षित असणे, हेही खरे नाही. महालेखापरीक्षकांनी २०१३च्या अहवालात, तपासलेल्या १६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडत नाहीत, असे नोंदवले होते.

मग ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्यांचे काय? गावठाणातले वीरगळ, सतीशिळा, पांदीत आडवी पडलेली गधेगाळ ही सारी सार्वजनिक जमिनीवर असतात, आणि रस्ता रुंद करायचा तर तीच जमीन आधी लागते. मोजणीच्या नकाशावर विहीर दिसते, विजेचा खांब दिसतो, झाडसुद्धा दिसते. कोरलेला दगड दिसत नाही. जेसीबी चालवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे तो भरावाला उपयोगी असा एक धोंडा असतो.

यावर 'रस्ता हवा की दगड' असा प्रश्न फेकला जातो. तो खोटा आहे. नागार्जुनसागर धरणाखाली नागार्जुनकोंड्याचे खोरे जाणार हे निश्चित झाल्यावर १९५४ ते १९६० या काळात तिथे मोठे उत्खनन झाले, काही वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा उभारल्या गेल्या, आणि धरणही झाले. त्या काळी देशाकडे पैसा आजच्यापेक्षा कमीच होता. कोणी तरी आधी विचारले होते, एवढाच फरक. आणि उचलून नेलेली वास्तू आपली भूमी गमावते हे मान्य करूनही, नोंद न होता बुजण्यापेक्षा ते बरे असे मला वाटते.

माझी मागणी लहान आहे. निविदा निघण्यापूर्वी त्या पट्ट्यातल्या प्रत्येक कोरीव दगडाची जागा, छायाचित्र आणि ठसा यांची नोंद बंधनकारक करावी. तिच्याशिवाय काम सुरू होऊ नये. हे काम जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी व इतिहास विभागांना देता येईल. ठसा घ्यायला ओला कागद, ब्रश, शाई आणि दोन दिवस पुरतात. आपल्या विभागांत मध्ययुगीन मराठीवर चर्चासत्रे होतात, त्यांचे इतिवृत्तही छापले जाते. पण स्वतःच्या तालुक्यातला एक तरी लेख जागेवर जाऊन वाचलेले प्राध्यापक किती, हे मोजायला बसलो तर माझ्यासकट अनेकांची अडचण होईल. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ साली निघाला. त्यातले किती दगड आज मूळ जागी आहेत, ही यादी करायला कोणत्याही सरकारी परवानगीची गरज नाही.