धनुष्कोडीचा फलाट

रामेश्वरची यात्रा करून आलेल्या माणसाला आमच्या घरात पहिला प्रश्न असे, ‘सेतूचं स्नान झालं का?’ आजोबांच्या पिढीला त्या स्नानासाठी थेट धनुष्कोडीपर्यंत आगगाडी होती. गेल्या हिवाळ्यात मी गेलो, तो डांबरी रस्त्याने. स्टेशनाच्या उरल्या आहेत त्या पडक्या भिंती आणि पाण्याची टाकी. शेजारी शंख-शिंपल्यांची दुकाने.

हे आडवळणाचे स्टेशन नव्हते. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि मद्रासहून निघालेली बोट मेल इथवर येऊ लागली. इथे उतरायचे, आगबोटीने तलैमन्नार गाठायचे, तिथून कोलंबोची गाडी धरायची. कस्टम, पोस्ट, शाळा, चर्च असा संसार वाळूच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर उभा होता.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री पांबनहून ६५३ क्रमांकाची पॅसेंजर निघाली. वादळाने सिग्नल बंद पडला होता. बराच वेळ वाट पाहून चालकाने शिटी दिली आणि गाडी पुढे काढली, असे सांगतात. सांगतात एवढेच, कारण सांगायला गाडीतले कोणी उरले नाही. स्टेशन हाकेच्या अंतरावर असताना लाटेने शंभरावर माणसांसह गाडी गिळली. मद्रास सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवले.

पांबनचा पूलही मोडला होता. तो अवघ्या ४६ दिवसांत उभा करणारे तरुण अभियंते म्हणजे ई. श्रीधरन. आपली कोकण रेल्वे पुढे त्यांच्याच हातून झाली. ४६ दिवसांचे कौतुक सगळेच करतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्याच वेळचा दुसरा निर्णय तितकाच मोलाचा वाटतो: पूल बांधला, पण पुढचा लोहमार्ग टाकला नाही.

मध्यंतरी तो टाकायचे घाटले होते. २०१९ साली रामेश्वर-धनुष्कोडी मार्गाची पायाभरणी झाली. रूळ अजून पडलेले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पांबनला नवा पूल आला. यात्रेकरूंची सोय कोणाला नको? पण सोय दिवसाची, आणि समुद्र आला होता तो रात्री. पांबनच्या जुन्या पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या पुढे गेला की सिग्नल आपोआप लाल होई. कोकण रेल्वेही पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकाने, सावकाश धावते. गाडी थांबवण्याची अशी व्यवस्था इथेही करता येईल, हे कबूल. पण गाडी थांबली तरी फलाटावरची माणसे जाणार कुठे? दोन्ही बाजूंना समुद्र आहे. रस्ता आहे तेवढा पुरे, असे माझे मत.

आणि कोळ्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. गाव अयोग्य ठरले, तरी काही कुटुंबे झावळ्यांच्या झोपड्यांतून तिथेच राहत आली. संध्याकाळ होताच पोलिसांनी आम्हा पाहुण्यांच्या गाड्या परत पिटाळल्या. आमची गाडी वळली तेव्हा टाकीपाशी एक बाई जाळे दुरुस्त करत बसली होती. तिला उठायला कोणी सांगितले नाही.