हौसेच्या तलावाचे मोल

वडिलांच्या पश्चात तीन भावंडांत बंगल्याची वाटणी व्हावयाची आहे, असे समजू. धाकटा भाऊ बंगला स्वतःकडे ठेवणार आणि थोरला भाऊ व बहीण यांना त्यांच्या हिश्श्याची रक्कम देणार. (हिंदू वारसा कायदा, १९५६ हा जैनांनाही लागू आहे आणि त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. तेव्हा बहिणीचा हिस्सा ही भावांची मेहेरबानी नव्हे.) जागा आणि इमारत मिळून दीड कोटी रुपये, हे तिघांनाही मान्य आहे. वाद अडतो तो परसातल्या पोहण्याच्या तलावापाशी.

थोरल्याचे म्हणणे असे की, तसा तलाव आज बांधावयाचा तर पंधरा लाख लागतील. सबब बंगला एक कोटी पासष्ट लाखांचा. धाकटा म्हणतो, "दादा, त्या तलावात उतरून कोणाला किती वर्षे झाली? पंपाचे बिल मात्र दरमहा येते." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांचीही गफलत एकच आहे. एकाने खर्चालाच किंमत मानले, दुसऱ्याने स्वतःच्या निरुपयोगालाच. मूल्यांकन करणारा या दोहोंकडे पाहत नाही. त्या गावात त्या प्रकारचे घर घेणारा जाणता गिऱ्हाईक तलावापोटी किती रुपये जास्त मोजील, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

उत्तराचा उत्तम मार्ग म्हणजे शेजारपाजारचे खरेदी-विक्री व्यवहार. तलाव असलेला एक बंगला आणि तसाच, पण तलाव नसलेला दुसरा, यांच्या किमतींतील फरक हेच तलावाचे मोल. परंतु असा जोड मिळणे दुर्मिळ. बहुतेक गावांत असा बंगला एखादाच असतो आणि तोही वर्षानुवर्षे विकला जात नाही. मग खर्चाच्या हिशेबाकडे वळावे लागते. आजचा खर्च पंधरा लाख, आयुष्य वीस वर्षे धरले, त्यांपैकी बारा सरली. उरले आठ वर्षांचे, म्हणजे सहा लाख. मात्र हा आकडा झिजेपुरताच आहे. वस्तू धडधाकट असूनही कोणाला नकोशी झाली, तर त्यातूनही वजावट होते.

नकोशी होण्याची कारणे कागदावर मांडता येतात. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा-दीड मीटर, धरा १.४ मीटर खोल तलावात सत्तर हजार लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे सात टँकर. ज्या गावी उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते तेथे गिऱ्हाईक तलाव पाहून मान डोलावतो आणि भाव पाडून मागतो. लहान मुले असलेल्या घराला कुंपणाची चिंता. तलाव मंजूर नकाशात नसेल तर बँकेचा मूल्यांकनकार तो जमेस धरीलच असे नाही. उलट लोणावळ्याकडे शनिवार-रविवार भाड्याने जाणाऱ्या बंगल्याला त्याच तलावामुळे अधिक भाडे येते; तेथे वाढीव भाड्यातून देखभाल वजा करून किंमत काढणेच योग्य.

एकाची गरज दुसऱ्याची अडगळ कशी होते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेच्या अध्यक्षीय निवासात आहे. पायांनी अधू झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोहण्याचा व्यायाम हितकर होता, म्हणून १९३३ मध्ये तेथे तलाव बांधला गेला. १९७० मध्ये निक्सन यांच्या कारकिर्दीत त्यावर जमीन घालून पत्रकारांसाठी दालन करण्यात आले. बॅडमिंटनचे बंदिस्त दालन या बाबतीत सुदैवी. मैदान १३.४० मीटर बाय ६.१० मीटर, छत उंच. उद्या तेथे कोठार होईल, लग्नाची पंगतही बसेल. उतरत्या पायऱ्यांच्या घरगुती चित्रपटगृहाचे तसे नाही. ते पुन्हा खोली करावयाचे तर फरशी फोडावी लागते, आणि तो खर्च किमतीतून वजा होतो.

आता भावंडांकडे. समजा, सर्व पाहून मूल्यांकनकाराने तलावाचे तीन लाख धरले. बंगला एक कोटी त्रेपन्न लाखांचा, प्रत्येकी एक्कावन्न लाख. धाकट्याने द्यावयाचे एक कोटी दोन लाख. थोरल्याच्या हिशेबाने हेच एक कोटी दहा लाख झाले असते. आठ लाखांचा हा फरक आहे आणि एवढ्यावरून दिवाळीचे जाणे-येणे थांबलेली घरे आहेत. म्हणून अहवालात तलावाची रक्कम स्वतंत्र ओळीत, तिच्या कारणांसह लिहून मागावी. एकूण रकमेत मुरलेल्या आकड्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. मूल्यांकनकार तिघांनी मिळून नेमावा आणि त्याचे शुल्कही तिघांनी भरावे.

बहीण कदाचित वेगळेच सुचवील : तलावावर स्लॅब घालून पावसाचे पाणी साठवावे. दीडशे चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दीडशे लिटर. गळती-नासाडी सोडली तर सुमारे पावणेपाचशे मिलिमीटर पावसात तो भरेल. सूचना विचारात घेण्याजोगी आहे. मात्र मग मूल्यांकनकाराने पाण्याच्या टाकीची किंमत काढावयाची, आणि स्लॅबचा खर्च त्यातून वजा करावयाचा.