साभार पोंच

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणींत पुस्तकपरीक्षणाचें सदर असतें. त्यांत कोणत्या पुस्तकास जागा मिळावी व कोणत्यास मिळूं नये, याचा नियम संपादकमंडळी सांगत नाहींत आणि वाचकही विचारीत नाहींत. आम्हांस तो विचारावासा वाटतो.

प्रकाशक अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवितो. बहुतेकांच्या नशिबीं 'साभार पोंच' या मथळ्याखालील एक ओळ येते; कित्येकांच्या तीही नाहीं. मग निवड होते ती कोणाची? ज्याचा प्रकाशक कचेरीच्या जवळचा, ज्याचा लेखक आधींच प्रसिद्ध, ज्यास नुकताच पुरस्कार मिळाला, किंवा ज्याचें परीक्षण लेखकाच्या स्नेह्यानें आयतें लिहून पाठविलें, त्या पुस्तकाची. पुस्तक चांगलें आहे काय, हा प्रश्न यांत शेवटीं येतो. पुष्कळदां येतच नाहीं.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतून पाहिलें म्हणजे हा अन्याय स्पष्ट दिसतो. शके 1212 मध्यें नेवासें येथें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. 1842 सालीं 'ज्ञानोदय' नगरास निघालें. ज्यांच्या संसाराचीं कित्येक वर्षें नगरांत गेलीं, त्या लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' 1934 पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार ज्यांच्या 'ताम्रपट' कादंबरीस मिळाला, ते रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयांत शिकवीत असत. श्रीरामपुराहून 'शब्दालय' प्रकाशनानें ग्रंथ काढले. साहित्य मुंबई-पुण्याबाहेर निपजतें, याला आणखी कोणता पुरावा हवा? परंतु परीक्षणाचें मेज मात्र मुंबई-पुण्यांतच मांडलेलें!

कोणी म्हणतील कीं, पुस्तकें शेंकडों आणि जागा थोडी. मान्य. परंतु जेथें जिन्नस थोडा, तेथेंच वांटपाचा नियम अधिक चोख हवा. रेशनच्या दुकानांत धान्य कमी आलें म्हणून ओळखीच्यांस आधीं द्यावें, असें कोणी म्हणत नाहीं.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 1874 पासून चालविलेल्या 'निबंधमाले'ंत जोतीराव फुले यांच्या लेखनावर केलेली टीका आज आम्हांस अन्यायाची वाटते. तथापि ती उघड होती. ती कोणाची, हें सर्वांस ठाऊक होतें व तीस उत्तर देतां येत होतें. मौनास उत्तर कसें द्यावें? प्रतिकूल परीक्षणानें पुस्तक मरत नाहीं, अनुल्लेखानें मरतें.

याचा परिणाम दूरवर पोंचतो. ग्रंथालयांच्या याद्या पुष्कळदां या पुरवण्या पाहूनच होतात. नगरचें जिल्हा वाचनालय 1838 सालचें. पण श्रीरामपुरीं छापलेल्या पुस्तकास तेथील कपाटांत शिरण्यासाठीं आधीं मुंबईची शिफारस लागावी, हा कोणता न्याय?

आमच्या मागण्या तीनच आहेत. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद प्रकाशक, गांव व किंमत यांसह दरमहा छापावी. परीक्षकाचा लेखकाशीं वा प्रकाशकाशीं संबंध असल्यास तो परीक्षणाखालीं लिहावा. आणि महिन्यांतून निदान एक पुस्तक जिल्ह्याच्या गांवचें घेऊन, त्या भागाची भाषा जाणणाऱ्या परीक्षकाकडे द्यावें. यांस पैसा लागत नाहीं. लागते ती केवळ लाज.

वाचकांनींही आपला वांटा उचलावा. ज्या घरांत पुरवणी येते, त्या घरानें संपादकास एक पत्र लिहून इतकेंच विचारावें: 'हें पुस्तक आपण कां निवडलें?' ज्यास या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, त्यानें इतरांच्या ग्रंथांचे गुणदोष सांगण्याचा अधिकार मिरवूं नये.