तारप्याला स्टेजवर चढवू नका

बॅलेतल्या गिरक्यांचा विषय निघाला की ३२ हा आकडा येतोच. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर तोल सांभाळत, दुसऱ्या पायाच्या फटकाऱ्यावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. तेव्हापासून या बॅलेतल्या मुख्य नर्तकीकडून प्रेक्षक तेवढ्याच मोजून घेतात.

एवढं फिरून चक्कर कशी येत नाही? कानाच्या आतल्या नलिकांमधला द्रव फिरला की मेंदू गोंधळतो. त्यावर नर्तकीचा उपाय नजरेचा. ती समोरचा एक बिंदू धरते. धड वळत राहतं, मान मात्र शेवटच्या क्षणी झटक्यात फिरते आणि डोळे परत त्याच बिंदूवर येतात. कथकच्या चक्करमध्येही नजर अशीच बांधलेली असते. हा बिंदू बहुधा प्रेक्षकांच्या दिशेला असतो, कारण हे नाच दरबारात आणि नाट्यगृहात वाढले.

आता तलासरीतल्या झाईला या. किनाऱ्यावरचं महाराष्ट्राचं हे शेवटचं गाव. पलीकडे गुजरातचं उंबरगाव. या टोकापासून डहाणू, जव्हारपर्यंतच्या वारली पाड्यांवर भात तयार झालं की तारपा घुमू लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर हे वाद्य उभं राहतं. गाल फुगवून, श्वास तुटू न देता तारपकरी ते वाजवतो आणि वाजवतानाच फिरतो. या नाचाचा बिंदू तारपकरीच. घोळकाठी आपटणाऱ्या म्होरक्यामागून हातात हात गुंफलेली साखळी त्याच्याभोवती फिरते. चाळा, म्हणजे धून, बदलला की पावलं बदलतात, तारपकरी वळला की साखळी वळते. त्याला पाठ दाखवायची नाही, हा दंडक. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हीच साखळी कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते वेटोळं आता शहरातल्या भिंतींवरही दिसतं.

स्टेजवरच्या कार्यक्रमात मात्र याच नाचाचं काय होतं? माइक एका जागी रोवलेला, म्हणून तारपकरी कोपऱ्यात खिळतो. प्रमुख पाहुण्यांना पाठ दिसू नये म्हणून साखळी अर्धी कापून कमानीसारखी उभी करतात. पाच मिनिटं होतात न होतात तोच निवेदक टाळ्या मागतो. बॅले नर्तकीला दर फेरीला वेगळ्या दिशेला बघायला लावण्यासारखंच हे आहे.

स्टेजमुळे कलाकारांना मानधन आणि ओळख मिळते, असं आयोजक सांगतात. मिळावीच, आणि मानधन वाढावंही. पण त्यासाठी स्टेजच कशाला हवं? मैदान मोकळं ठेवा, खुर्च्या गोलात मांडा, तारपकऱ्याच्या अंगावर बिनतारी माइक लावा आणि निदान अर्धा तास द्या. यातल्या कशालाही फार खर्च नाही. पुढच्या रांगेतल्या सोफ्याचा मोह तेवढा सोडावा लागेल. पाहुण्यांना समोरची जागा हवीच असेल, तर त्यांनी साखळीत हात गुंफावेत. तिथे सगळेच तारपकऱ्याच्या समोर असतात.